पोकळ गोलांचे राजकारण

गावाच्या वेशीवर पूर्वी मारुतीचे देऊळ असे, जनावरांसाठी पाण्याचा हौद असे, पुढे जकातनाका आला. आता तेथे पुरुषभर उंचीची इंग्रजी अक्षरे उभी असतात. 'आय लव्ह', मग लाल बदाम, मग गावाचे नाव! त्यापुढच्या चौकात फायबरचे हरीण किंवा दिव्यांनी लखलखणारा पृथ्वीगोल, आणि शेजारी 'सेल्फी पॉइंट' अशी पाटी. महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांना गेल्या काही वर्षांत हा एकच साचा लागला आहे. ज्या शहराचे वेगळेपण जाहीर करण्यासाठी हा खटाटोप, ते शहर त्यामुळे दुसऱ्या शहरासारखेच दिसू लागते, ही यातील पहिली गंमत. दुसरी गोष्ट मात्र गमतीची नाही. हा खर्च जनतेच्या तिजोरीतून होतो आणि तो करण्यामागे एक निश्चित राजकारण आहे.

ते राजकारण समजून घेण्यास अर्थशास्त्राची फार मोठी पोथी लागत नाही. जलवाहिनी जमिनीखाली जाते. तिच्यावर उद्घाटकाचे नाव कोरता येत नाही. गटार नीट वाहू लागले की लोक त्याला विसरतात. शाळेत एक शिक्षक वाढला तर त्याचे फळ दहा वर्षांनी दिसते आणि निवडणूक पाच वर्षांनी येते. याउलट चौकातला गोल महिन्या-दोन महिन्यांत उभा राहतो, रात्री झगमगतो आणि फीत कापण्याचे छायाचित्र दुसऱ्याच दिवशी सर्वत्र पोचते. सत्ताधाऱ्यांच्या हिशेबी खर्चाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरत नाही, दर्शनावर ठरते. जे दिसते त्यावर खर्च, जे दिसत नाही ते उद्यावर, अशी ही अर्थनीती आहे. दिव्यांचे वीजबिल, पत्र्याचा गंज आणि रंगाचे पोपडे यांची तरतूद करणे मात्र कोणालाच सुचत नाही.

हा केवळ नगरपालिकांचा हौशीपणा आहे असे मानण्याचे कारण नाही. कित्ता दिल्लीहून आला आहे. २०२३ मध्ये रेल्वे स्थानकांवर पंतप्रधानांच्या प्रतिमेसह 'सेल्फी पॉइंट' उभारण्यात आले. माहितीच्या अधिकारात मध्य रेल्वेने दिलेल्या उत्तरानुसार कायमस्वरूपी केंद्राचा मंजूर खर्च प्रत्येकी ६ लाख २५ हजार, तर तात्पुरत्याचा १ लाख २५ हजार रुपये होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना व महाविद्यालयांनाही अशी केंद्रे उभारण्यास सांगितले. जेथे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तेथे छायाचित्राची जागा मात्र भरून निघाली! घाईच्या दर्शनाचे टोक मालवणच्या राजकोट किल्ल्यावर दिसले. ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे पुरते नऊ महिनेही न भरता, कोसळला. त्याच सिंधुदुर्गात समुद्राच्या लाटा खात महाराजांनी बांधलेला किल्ला साडेतीनशे वर्षे उभा आहे. महाराजांच्या नावाने उत्सव करणाऱ्यांनी त्यांच्या बांधकामाची शिस्त शिकली असती, तर ही लाज वाट्याला आली नसती.

या बदामी अक्षरांचे मूळ कोठले, हेही पाहण्यासारखे आहे. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या कड्यावर आले. हजारो पालिका-कर्मचारी कामावरून काढले गेले. पिढ्यान्‌पिढ्या विनाशुल्क शिक्षण देणाऱ्या तेथील नगर-विद्यापीठाने १९७६ मध्ये विद्यार्थ्यांवर शुल्क बसविले. आणि १९७७ मध्ये पर्यटक आणण्यासाठी मिल्टन ग्लेझर या कलावंताने बदामाची ती प्रसिद्ध मुद्रा रेखाटली. बोधचिन्ह उत्तम होते यात वाद नाही. पण शहरावरील प्रेमाची जाहिरात सुरू झाली ती शहरवासीयांवरील खर्चाला कात्री लागल्यानंतर, हा क्रम विसरता येत नाही. ॲमस्टरडॅममध्येही संग्रहालयासमोर दोन मीटर उंचीची अशीच अक्षरे होती. तेथील हरित-डाव्या पक्षाच्या नगरसेविकेने ती व्यक्तिवादाची जाहिरात आहे असा आक्षेप घेतला, नगरसभेने तो मानला आणि डिसेंबर २०१८ मध्ये अक्षरे तेथून हलविली गेली. अर्थात नगरसभेत प्रश्न विचारला, तर अक्षरेही हलतात.

भव्य पृथ्वीगोलांचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. १८५१ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात जेम्स वाइल्ड या नकाशे विकणाऱ्याने साठ फुटी गोल उभारला. तिकीट काढून लोक आत जात व आतल्या भिंतीवर जग पाहत. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील १४० फूट उंच पोलादी गोल एका पोलाद कंपनीने देणगी म्हणून बांधून दिला. विश्वशांतीच्या नावाखाली पोलादाची जाहिरात झाली. या दोहोंहून निराळे स्वप्न होते एलिझे रक्ल्यू या भूगोलज्ञाचे. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये लढलेल्या आणि त्यासाठी हद्दपारी भोगलेल्या या अराज्यवाद्याने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी पृथ्वीच्या एक लक्षांश मापाचा, म्हणजे सुमारे सव्वाशे मीटर व्यासाचा, गोल सुचविला होता. सपाट नकाशा जगाचे रूप विकृत करतो. सामान्य माणसाने पृथ्वी तिच्या खऱ्या प्रमाणात पाहावी आणि सर्व देश एकाच गोलावर वसतात हे ओळखावे, हा त्याचा हेतू. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन करणारे पॅट्रिक गेडिस त्याचे पाठीराखे होते. पैशाअभावी तो गोल झाला नाही. विकणाऱ्यांचे गोल उभे राहिले, शिकविणाऱ्याचा राहिला. आपल्या चौकांतील गोल तर विकणाऱ्यांच्या गोलाहूनही हलके. कारण वाइल्ड आणि पोलाद कंपनी यांनी निदान स्वतःचा पैसा घातला होता.

परभणी जिल्ह्याला गोलाचे धडे बाहेरून घेण्याची गरज नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण येथे लहान मुलालाही पाठ आहे आणि ती थट्टेनेच उच्चारली जाते. परंतु एका बाबतीत ती अक्षरशः खरी होती. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल १४९२ मध्ये जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे घडविला गेला. त्यानंतर अवघ्या दहा-अकरा वर्षांनी, १५०३ च्या सुमारास, पार्थपूर म्हणजे आजच्या पाथरी येथील ज्ञानराज या ज्योतिर्विदाने 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचला. त्यातील गोलाध्यायात पृथ्वीच्या आकाराची आणि आकाशस्थ गोलांच्या गतीची शास्त्रीय मीमांसा आहे. त्याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर आणि 'बीजगणिता'वर टीका लिहिल्या. याच पाथरीचे नाव जानेवारी २०२० मध्ये गाजले, ते साईबाबांच्या जन्मस्थळाच्या वादाने आणि शंभर कोटींच्या विकासनिधीच्या घोषणेने. ज्ञानराजासाठी कोणी शिर्डी बंद पाडली नाही आणि कोणी घोषणाही केली नाही. पाथरी, सेलू, मानवत, सोनपेठ येथील प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत मुलांच्या हाताला लागेल असा एक पृथ्वीगोल आणि तो समजावून सांगणारा एक शिक्षक द्यावा. ज्ञानराजाचे त्याहून उचित स्मारक दुसरे कोणते?

समर्थकांचे तीन युक्तिवाद ऐकू येतात. पहिला रोजगाराचा. मंदीत पिरॅमिड बांधण्यानेही रोजगार वाढतो असे केन्सने १९३६ मध्ये म्हटलेच होते, असा दाखला सुशिक्षित मंडळी देतात. परंतु घरे वा तत्सम उपयुक्त कामे काढणे अधिक शहाणपणाचे, हेही त्याने तेथेच सांगितले आहे. आणि महाराष्ट्राला केन्सकडे जाण्याचे तरी काय कारण? १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यात लाखो हातांनी पाझर तलाव आणि बांध घातले. त्यातून जन्मलेला रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि त्यासाठी शहरी पगारदारांवर व्यवसायकर बसला. त्या मजुरीतून गावात पाणी राहिले. फायबरच्या अक्षरांतून ठेकेदाराचे देयक तेवढे राहते.

दुसरा युक्तिवाद पर्यटनाचा. अक्षरांपुढे छायाचित्र काढायला परगावाहून कोणी येत नाही. येतो तो त्याच गावचा तरुण, ज्याला संध्याकाळी बसायला बाग नाही आणि वाचायला ग्रंथालय नाही. त्याचा उपहास करणे अन्यायाचे होईल. त्याला गावाबद्दल अभिमान वाटावा असे गावाने काही ठेवले नाही, म्हणून तो अक्षरांपुढे उभा राहतो.

तिसरा युक्तिवाद अस्मितेचा, आणि तो गंभीर आहे. समाजवादी प्रतीकांचे शत्रू नाहीत. विद्यापीठाच्या कमानीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव यावे यासाठी मराठवाड्यातील दलितांनी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत घरे जाळून घेतली, प्राण दिले. ती अक्षरे कोणा ठेकेदाराने बसविली नव्हती. परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी काचेत ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली, तेव्हा जो क्षोभ उसळला तो काचेसाठी नव्हता. त्यानंतर वस्त्यांतून धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदविण्यासाठी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेथे हरले. प्रतिकृती दुरुस्त करणे सोपे असते. तिच्यात लिहिलेले पाळणे सरकारला जड जाते. प्रतीक आणि पोकळ शोभा यांतील भेद याहून स्पष्ट होणार नाही.

मराठवाड्याचा हिशेब अजून बाकी आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा ७५० कोटींहून अधिक होता. त्यासाठी १९९४ मध्ये आलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपू देण्यात आली. ज्या प्रदेशाचे देणे असे थकले आहे, त्याची समजूत बदामाने घालता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी म्हणून हातोडा नव्हे, अंदाजपत्रक हाती घ्यावे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात आणि १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात बंधनकारक आणि ऐच्छिक कर्तव्ये वेगळी सांगितली आहेत. पाणी, गटारे, रस्त्यावरील दिवे ही बंधनकारक आहेत. प्रत्येक गोलाबाबत, प्रत्येक अक्षराबाबत विचारावे: पैसा कोणत्या शीर्षाखाली गेला? निविदा कोणाची? देखभाल कोण करणार? त्या वर्षी बंधनकारक कामांपैकी कोणते मागे पडले? उत्तर माहितीच्या अधिकारात लेखी घ्यावे आणि त्याच चौकात, त्याच गोलाखाली सभा घेऊन जनतेला वाचून दाखवावे. पालिकेने बांधलेला गोल मग निदान एका संध्याकाळपुरता तरी लोकशिक्षणाच्या कामी येईल.