क्लाउडच्या काळात कागदाची जागा
सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी क्लाउड, म्हणजे दूरच्या माहिती-केंद्रात भाड्याने घेतलेली साठवण, आज अपरिहार्य आहे. कारण कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे आणि अनेकांनी एकाच वेळी त्यावर काम करणे कागदावर जमणारे नाही. तरीही क्लाउड म्हणजे अखेर कुठल्यातरी इमारतीतील यंत्रेच होत: १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे पाच मजली केंद्र आगीत जळाले आणि ज्यांची राखीव प्रतही तिथेच होती, अशा ग्राहकांची माहिती कायमची गेली. याउलट अपोलो ११ यानाच्या मार्गदर्शक संगणकाचा कोड आज वाचता येतो, तो एमआयटी संग्रहालयातील कागदी छापील प्रतींमुळे. त्या पानांच्या स्कॅनवरून स्वयंसेवकांनी ओळ न् ओळ पुन्हा टंकित केली, आणि हे श्रम कौतुकास्पद असले तरी कागदाची मर्यादाही तेच दाखवतात. म्हणून कोड क्लाउडमध्ये, परंतु दोन वेगळ्या शहरांतील केंद्रांत असावा; मात्र रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हरवल्यास खाते उघडून देणारे, एकदाच चालणारे संकेत, आणि सर्व्हर नव्याने उभा करण्याची क्रमवार कृती प्रत्येक चमूने कागदावर छापून कुलुपात ठेवावी.