पाच नद्यांच्या गावी

तंजावरला जाणारा मराठी माणूस बहुधा ठरलेल्या वाटेनेच फिरतो. बृहदीश्वराचे देऊळ, तिथल्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख, सरफोजी राजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय. आणि संध्याकाळी रामेश्वरची गाडी. अवघ्या बारा-तेरा किलोमीटरवरचे तिरुवैयारु मात्र राहून जाते.

‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी. तंजावरहून निघालेली बस वडवार, वेण्णार, वेट्टार आणि कुडमुरुट्टी ओलांडते आणि शेवटी कावेरीपाशी येते. या पाचही एकाच कावेरीच्या पाण्यावर वाहतात. पुलापुलांच्या मधे केळीच्या बागा, नारळ आणि भाताची शेते. कोकणातली खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. इथली जमीन पाटासारखी सपाट, नजर थेट क्षितिजाला जाऊन टेकते. कावेरीचे तमिळमधले लाडके नाव ‘पोन्नि’, म्हणजे सोन्याची. भात पिकला की ते नाव का पडले, हे कोणाला विचारावे लागत नाही.

गावात ‘पाहण्यासारखे’ म्हणावे असे फारसे नाही, आणि हीच त्याची गोडी. पंचनदीश्वराचे मोठे देऊळ, कावेरीवरचा दगडी घाट, नदीकाठची जुनी घरे. बाजारात ‘अशोका’ नावाचा मुगाच्या डाळीचा हलवा मिळतो. आपल्या मुगाच्या शिऱ्याची मऊ, तुपाळ बहीणच ती! डायबेटिस असणाऱ्यांनी सांभाळून असावे.

याच गावात त्यागराज राहिले. १७६७ साली तिरुवारूरला जन्मलेला हा तेलुगू भाषक रामभक्त आयुष्यभर माधुकरी मागून जगला आणि ६ जानेवारी १८४७ रोजी इथेच त्याने देह ठेवला. तंजावरच्या मराठी राजाने धनाचा नजराणा पाठवून त्याला दरबारात बोलावले आणि त्याने तो परत पाठवला, अशी आख्यायिका आहे. धन सुखाचे की रामाचे सान्निध्य, असा प्रश्न विचारणारी त्याची कल्याणी रागातली रचना याच प्रसंगाशी जोडली जाते. राजा आपला होता म्हणून मराठी वाचकाने ओशाळण्याचे कारण नाही. गुणी माणसांना बोलावणे पाठवणारा राजा होता, म्हणून तर नकाराची गोष्ट घडली.

त्यागराजांची समाधी कावेरीच्या अगदी काठावर आहे. एके काळी ती पडीक झाली होती. तिथे आज दिसते ते मंदिर १९२०च्या दशकात बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी गायिकेने स्वतःच्या मिळकतीतून उभारले. गंमत पाहा, जिने पैसा ओतला तिला आणि तिच्यासारख्या बायकांना तिथल्या उत्सवात गाण्याची मुभा नव्हती! नागरत्नम्मा गप्प बसल्या नाहीत; त्यांनी बायकांचा वेगळा उत्सव सुरू केला. पुढे १९४०च्या सुमारास सगळे एकत्र गाऊ लागले. १९५२ साली त्या गेल्या. त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून बसलेली त्यांची मूर्ती तिथे आहे, ती पाहिल्याशिवाय परतू नये.

पौष वद्य पंचमीला, म्हणजे साधारण जानेवारीत, आराधनेसाठी देशभरचे कलावंत इथे जमतात आणि पंचरत्न कृती एका सुरात गातात. तो सोहळा अपूर्व खरा. पण निवांतपणा हवा असणाऱ्याने ते दिवस टाळावेत.

हा निवांतपणा मात्र गावाच्या हातातला नाही. वरच्या अंगाला चोळ राजा करिकालाचा म्हणून ओळखला जाणारा कल्लणै बंधारा आजही पाणी वाटतो. पण पाणी येते ते १९३४ साली पुरे झालेल्या मेट्टूर धरणातून. १२ जूनला दरवाजे उघडायचे आणि त्यावर ‘कुरुवै’ हे पहिले पीक लावायचे, असा रिवाज. २०२४ साली ते उघडायला जुलैचा शेवट उजाडला. कर्नाटकाने किती पाणी सोडावे याचा वाद कित्येक दशके चालला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा वाटा १७७.२५ टीएमसी ठरवला. तरी पाऊस कमी झाला की भांडण पुन्हा डोके वर काढते. तेल आणि वायूच्या नव्या विहिरींचीही धास्ती होती. २०२० साली राज्याने कायदा करून या खोऱ्याला संरक्षित शेती क्षेत्र ठरवले. पाण्याची हमी मात्र कोणताही कायदा देऊ शकलेला नाही. उन्हाळ्यात गेलेल्या प्रवाशाला घाटाखाली चंद्रभागेसारखे नुसते वाळवंट दिसते, आणि त्याला वाटते, आपण चुकीच्या गावी उतरलो.

म्हणून जायचे तर ऑगस्टनंतर जावे. जमले तर आडि महिन्याच्या अठराव्या दिवशीच, म्हणजे २ किंवा ३ ऑगस्टला. त्या दिवशी बायका नव्या पाण्याची पूजा करतात, हळदीचे दोरे बांधतात. सोबत डब्यांत चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात आणि शेवटी दहीभात असतो. पाणी पोचले असेल तर पंगत घाटाच्या पायऱ्यांवर बसते. नसेल पोचले, तर पूजा पंपाच्या पाण्यावर उरकून घ्यावी लागते.