टक्केवारी 'आपली' नसते!



हातकणंगले तालुक्यातल्या एका बौद्ध वस्तीत सिमेंटचा रस्ता झाला आणि पहिल्याच पावसात उखडला. पैसा अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेचा. माहिती अधिकारात अर्ज टाकू या म्हटलं, तर आपलेच कार्यकर्ते म्हणाले, "ताई, जाऊ द्या की. ठेकेदार आपलाच हाय."

हा 'आपला' कोण? ज्याच्या रस्त्यावर म्हातारी घसरून पडते, तो आपला कसा?

काही मित्र विचारतात, इतरांनी वर्षानुवर्षे लुटलं तेव्हा कुणी बोललं नाही, मग आमच्याच पोरांचा हिशेब का? प्रश्न रास्त आहे. उत्तर एकच, हिशेब सगळ्यांचा मागा. पण लुटीत समान वाटा मिळणं म्हणजे समता नव्हे. २०१५ साली अण्णाभाऊ साठे विकास महामंडळातल्या शेकडो कोटींच्या अपहाराचं प्रकरण गाजलं. अटक झालेले माजी अध्यक्ष राखीव मतदारसंघातून निवडून आलेले आमदार होते. पैसा होता मातंग समाजाच्या स्वयंरोजगाराचा. आरोपीची जात बघून त्या तरुणांचं नुकसान कमी झालं का?

बाबासाहेबांना हे कळत होतं. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाला संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं. सरकारी पैशाचा हिशेब हा त्यांच्या लेखी लोकशाहीचाच प्रश्न होता.

म्हणून कामाला लागा. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकं मागा. निविदा टाळण्यासाठी एकाच कामाचे तुकडे पाडलेत का, ते तपासा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कामाची पाहणी करता येते, साहित्याचा प्रमाणित नमुनाही घेता येतो. अर्जाला दहा रुपये लागतात. अर्ज एकट्याने नको, चौघांनी टाका. म्हणजे दबाव एकावर येत नाही. मिळालेले कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचा.

आणि ज्या कार्यकर्त्याला ठेका घ्यायचाय त्याने खुशाल घ्यावा, पण मग त्याच कामावर देखरेख करणाऱ्या समितीत बसू नये.

याच तालुक्यातल्या माणगावात १९२० साली शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वावर विश्वास टाकला. आपण रोज पंचशील म्हणतो. न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं शील बिलावर सही करतानाही लागू आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!