रजा हवीच, पण काम अडू नये

‘साहेब रजेवर आहेत,’ हे वाक्य सरकारी कचेरीत कधीच ऐकले नाही, असा माणूस विरळाच. घोडेगाव किंवा कुकाण्याचा शेतकरी हातातले काम टाकून दाखल्यासाठी नेवाशाला यावा आणि त्याला हेच उत्तर मिळावे, म्हणजे दिवस वाया गेला. ‘सरकारी नोकरांना सुट्ट्याच फार,’ असे तो म्हणाला तर त्यात नवल नाही.

पण या रागाचा रोख चुकतो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ सालचे आहेत. त्यांनुसार कर्मचाऱ्याच्या खाती वर्षाला ३० दिवस अर्जित रजा जमा होते, निम्मी जानेवारीत आणि निम्मी जुलैत. अर्धपगारी रजा २० दिवसांची. त्याखेरीज नैमित्तिक म्हणजे किरकोळ रजा ८ दिवस. मात्र रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे हेच नियम बजावतात. कामाची निकड असली की वरिष्ठ ती नाकारू शकतात. शनिअमावास्येला याच तालुक्यातल्या शिंगणापुरात गर्दी लोटते, तेव्हा बंदोबस्तावरच्या पोलिसाला घरच्या सणाचे नाव काढता येत नाही.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला. त्याच्या बदल्यात कचेरीची रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढली. पोलिस, रुग्णालये, शाळा यांना ही सवलत नाही.

शिवाय पुष्कळ जण रजा घेण्यापेक्षा साठवतात. ३०० दिवसांपर्यंत शिल्लक राहिलेल्या अर्जित रजेचे निवृत्तीच्या वेळी रोख पैसे मिळतात. विश्रांतीसाठी दिलेले दिवस असे मुलीच्या लग्नाची, घराच्या डागडुजीची बेगमी होऊन बसतात. थकलेला माणूस खुर्चीवर बसून राहतो, त्यात ना त्याचे भले, ना समोर उभ्या असलेल्या माणसाचे.

दुखणे आहे ते कार्यभाराचे. ज्याच्याकडे आधीच दोन टेबलांचे काम आहे, त्याच्यावर तिसरे टेबल कागदोपत्री सोपवले की काम अडणारच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळणे हा आता नागरिकाचा हक्क आहे आणि न मिळाल्यास वरिष्ठांकडे अपील करता येते. ही जबाबदारी कोणाच्या रजेमुळे टळू नये.

रजेवर कोण, कधीपर्यंत आणि काम कोणाकडे, एवढ्या तीन ओळी दारावरच्या फळ्यावर खडूने लिहायला खर्च येत नाही. रिक्त पदे भरायला मात्र येतो आणि तो सरकारनेच करायला हवा. तोवर कर्मचाऱ्याची रजा आणि शेतकऱ्याचा खोळंबा यांची गाठ सुटणार नाही.