शब्दचर्चा : खडबडीत शब्दांचें कुळ

मागील अंकांत ‘कर्कश’ शब्दाचा विचार केला होता. संस्कृतांत तो मुळांत स्पर्शाचा शब्द; मराठींत येऊन कानाचा झाला. अरबींत खडबडीतपणाच्या शब्दांचें असेंच कांहीं झालें आहे काय, अशी पृच्छा एका वाचकभगिनीनें केली आहे.

प्रथम एक कबुली देणें प्राप्त आहे. अध्यापनाच्या काळांत मी बेधडक सांगत असें कीं, अरबी ही घसा खरवडून निघणारी भाषा. तींत खरखरीत वस्तूंचे शब्दहि खरखरीतच असावयाचे. पुराव्यादाखल ‘खशिन्’, म्हणजे खडबडीत, हा शब्द उच्चारून मुलांना हंसवीत असें.

पुढें इब्न जिन्नी या वैयाकरणाचा परिचय झाला. हा मोसुलचा पंडित १००२ सालीं बगदाद येथें वारला. ‘अल्-खसाइस’ या ग्रंथांत तो सांगतो कीं, कलिंगड-काकडीसारखे रसाळ पदार्थ खाण्यास ‘खद्म’ म्हणतात व सातूसारखें कोरडें धान्य चावण्यास ‘कद्म’. कारण ‘ख’ मृदु, आणि घशाच्या तळाशीं उच्चारला जाणारा तो ‘क’ कठोर. ज्या ‘ख’वर मीं वर्ग हंसविला, तो अरबांच्या कानाला मऊ!

त्याच ग्रंथांत ‘खशुन’ आणि ‘इख्शौशन’ ही जोडी आहे. पहिल्याचा अर्थ ‘खडबडीत झाला’. दुसऱ्यांत धातूचें मधलें अक्षर ‘श’ दुणावतें, वर एक ‘व’कार शिरतो, आणि अर्थ होतो ‘अतिशय खडबडीत झाला’. शब्दाचें बळ वाढलें कीं अर्थाचेंहि वाढतें, हा त्याचा सिद्धान्त. ज्यानें यङन्ताचें ‘देदीप्यते’ घोकलें आहे, त्यास अधिक सांगणें नको. आपलें द्वित्व आरंभीं, त्यांचें मध्यें, एवढाच भेद. दुसरे खलीफा उमर यांच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या एका उपदेशांत हेंच क्रियापद आहे. खडतर राहणीची संवय ठेवा, असा त्याचा भाव. म्हणजे राठपणा तेथें दोषच आहे असें नाहीं.

‘गलीज’ची कथा याहून बोलकी. अरबींत त्याचा अर्थ जाड, दाट, राठ; वैद्यकांत मोठें आंतडें तें ‘गलीज’ आंतडें. कुराणांत (३.१५९) कठोर अंतःकरणास हें विशेषण आहे, आणि पुढील अध्यायांत (४.२१) विवाहानें पतिपत्नींत होणाऱ्या करारासहि हेंच! तेथें अर्थ पक्का, भारदस्त. पीळदार जाड दोराचा भरंवसा वाटतो, तसें कांहींसें. तोच शब्द फारसीच्या वाटेनें आपल्याकडे पोंचेपर्यंत घाणेरडा होऊन बसला.

परवां नातवाचे चिखलानें माखलेले पाय पाहून सूनबाई म्हणाल्या, “काय हा गलीजपणा!” मी विवाहाचा करार समजावून सांगणार होतों, पण त्यांच्या हातांत केरसुणी होती, म्हणून तें येथें लिहिलें.