डांबरगोळी आणि पुरचुंडी

'आजीच्या ट्रंकेचा वास' म्हणून लोक डांबरगोळ्यांच्या वासावर गहिवरून लिहितात. मला ते कधी जमलं नाही. लोकरीचा स्वेटर, लग्नातला शालू, पाहुण्यांसाठी राखलेल्या चादरी, सगळ्यांना एकच वास, आणि तोही स्टेशनवरच्या मुतारीशी नातं सांगणारा! आठवणी वगैरे ठीक आहे, पण अहो, नावातच डांबर आहे. दगडी कोळशाच्या डांबरातून नॅप्थलीन निघतं, त्याची ही गोळी.

माझं मत सरळ आहे. कपड्यांच्या कपाटात ही गोळी नको. वास हवा असेल तर घरी सुगंधी पुरचुंड्या कराव्यात. आणि कसर लागू नये असं वाटत असेल तर गोळी आणि पुरचुंडी दोन्ही बाजूला ठेवून कपडे नीट धुवावेत.

यावरून आमच्या घरात गेल्या वर्षी बरंच रणकंदन झालं. भाचीचे दिवस भरत आले होते आणि आत्याने माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. आत तिने जपून ठेवलेली झबली, टोपडी, दुपटी. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. बाळाला असंच जुनं कापड हवं, यात आत्याचं शंभर टक्के बरोबर. पण ट्रंकेचं झाकण उघडताच सगळ्या खोलीत तो भपकारा! घडीघडीत गोळ्या.

आता इथे प्रश्न नुसत्या वासाचा राहत नाही. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. मुलांमध्ये हे मुलींपेक्षा जास्त आढळतं. अशा बाळाच्या अंगात नॅप्थलीन गेलं, मग ते श्वासातून असो वा कातडीतून, तर तांबड्या पेशी फुटायला लागतात, कावीळ वाढते, आणि ती हाताबाहेर गेली तर मेंदूला इजा होऊ शकते. गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत गुंडाळलेल्या तान्ह्या बाळांच्या अशा नोंदी वैद्यकशास्त्रात कितीतरी वर्षांपासून आहेत. त्यातून आपल्याकडे बाळाला तेलाने चोळून, न्हाऊ घालून दुपट्यात घट्ट बांधतात. नॅप्थलीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेल लावलेल्या अंगातून ते आणखी सहज आत शिरतं.

आत्या म्हणाली, "अगं, माझी चार पोरं याच दुपट्यांत वाढली. कुणाला काय झालं?"

काहीच झालं नाही, हे खरंच. बहुतेक बाळांना काहीच होत नाही. अडचण एवढीच की ज्याला होणार ते बाळ कुठलं, हे आधी कळत नाही. त्याची तपासणी सगळीकडे जन्मल्याबरोबर करतातच असं नाही. म्हणजे एका बाजूला दहा रुपयांची गोळी आणि दुसऱ्या बाजूला हा धोका. मला तरी हा हिशोब अवघड वाटत नाही. युरोपीय संघाने २००८ साली नॅप्थलीनच्या कसरगोळ्यांवर बंदी आणली. आपल्याकडे त्या वाण्याकडे साबणाशेजारी मिळतात.

दुपटी दोनदा धुतली, आठवडाभर गच्चीवर वाळवली. शिवणीत वास राहिलाच. शेवटी आत्यानेच एक दिवस गाल फुगवून घेतल्यावर आपली एक जुनी नऊवारी काढून दिली (कपाटातली, ट्रंकेतली नव्हे) आणि तिची सहा दुपटी झाली.

असो. तर गोळीऐवजी काय, या प्रश्नावर हल्ली सगळे लव्हेंडरच्या गोंडस पिशव्या दाखवतात. रिबिन बांधलेल्या, आणि किमतीत आपल्या चार किलो तांदळाच्या. लव्हेंडरशी माझं भांडण नाही. पण 'नैसर्गिक कीटकनाशक' म्हणून ती विकतात तेव्हा मात्र हसू येतं. कापड खाणारा पतंग काही खात नाही, खाते ती त्याची अळी. ती लोकर आणि रेशीम खाते, त्यातही घामाचे, जेवणाचे डाग असलेलं अधिक आवडीने. ती चंदेरी, सुळकन पळणारी कसर वेगळी. तिला खळ लागते, म्हणून खळ केलेल्या सुती साड्या ती कुरतडते. वासाने एखादा पतंग बिचकत असेल, पण आत बसलेली अळी काही वासाने मरत नाही. ना लव्हेंडरने, ना आपल्या वाळ्याने.

आणि खरं तर डांबरगोळीसुद्धा तिची वाफ हवाबंद जागेत कोंडली गेली तरच काम करते. ज्या कपाटाचं दार धड लागत नाही तिथे ती कसरीला मारत नाही, नुसती उडून आपल्या झोपायच्या खोलीत येते.

मग उपाय? ठेवायच्या आधी धुणं. सुती साडी ठेवताना खळ काढून ठेवणं. वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या कडक उन्हात चादरी-स्वेटर उलगडणं (रेशीम मात्र सावलीत, रंग उडतो). स्वेटरला अळी लागलीच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये. मटारांशेजारी स्वेटर बघून घरचे काय म्हणायचं ते म्हणतील.

एवढं केलं की पुरचुंडीवर राखणदारीचं ओझं राहत नाही. मग ती निव्वळ सुखासाठी करता येते, आणि त्यासाठी आपल्याकडे जे आहे ते कुठल्या दुकानातल्या पिशवीत मिळायचं नाही. पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी मागितली की दुकानदार विचारतो, उटणं करताय का? हो म्हणून टाकावं.

माझं प्रमाण असं: वाळा पन्नास ग्रॅम, नागरमोथा आणि कापूरकाचरी वीस-वीस ग्रॅम, दहा-बारा लवंगा, आणि असतील तर सुकलेली बकुळीची फुलं ओंजळभर. यात चार-पाच पुरचुंड्या होतात. वाळ्याची पूड करू नये. पूड कापडातून झिरपते आणि पांढऱ्या चादरीवर तपकिरी ठसा उमटतो. कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, बाकीचं जाडसर कुटावं. वाळ्याचा सुगंध ज्या द्रव्यांत असतो ती जड आणि सावकाश उडणारी, म्हणून तो वर्षभर सहज टिकतो, शिवाय लवंगेसारख्या उतावळ्या वासालाही धरून ठेवतो. बकूळ सुकली तरी वास सोडत नाही, ते तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

चैत्रात दवणा मिळाला की तो मी सावलीत वाळवून वेगळ्या पुरचुंडीत भरते. जोतिबाला वाहतात तोच. त्याच्याच कुळातल्या एका युरोपी झुडपाला फ्रेंच लोक 'गार्दरोब' म्हणतात, म्हणजे चक्क कपड्यांचं कपाट! तिकडच्या बायकाही हेच करत होत्या तर.

कापूर मी घालत नाही. बाजारातला बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो, हे एक. दुसरं म्हणजे रांगत्या मुलाने वडी गिळली तर त्याला झटके येऊ शकतात, आणि रांगती मुलं सगळ्यात आधी खालचा खण उघडतात. अत्तराचे थेंबही नकोत. रेशमावर तेलाचा डाग पडला की पडला.

पिशवीला सैल विणीचं जुनं सुती कापड घ्यावं आणि तोंड शिवून टाकावं. पैठणीच्या जरीला ती टेकू देऊ नये, मध्ये मलमलीचं फडकं असावं. पावसाळ्यात मात्र सगळ्या पुरचुंड्या बाहेर काढून बरणीत बंद. सुकी मुळं-फुलं हवेतली ओल ओढतात, बुरशी धरतात. आणि तीन-तीन वर्षं तशाच राहिल्या तर मसाल्यात होतात तसले बारीक भुंगे त्यात होतात. मग कपाटाच्या राखणीसाठी ठेवलेल्या पिशवीतूनच किडे निघाले म्हणून आत्या मला सोडायची नाही.

त्यामुळे दिवाळीच्या आधी जुन्या पुरचुंड्या उसवायच्या, आतला वाळा कुंडीतल्या मातीत टाकायचा, कापड धुऊन वाळवून पुन्हा भरायचं. माझं कापड एका जुन्या धोतराचं आहे. यंदा त्याची चौथी खेप, कडेने जरा विरलंय.