विश्लेषण : वस्तू स्वतःचीच हवी, की वेळेला मिळाली तरी पुरे?

2021 मध्ये सूस आणि म्हाळुंगे ही गावे पुणे महापालिकेत गेली. मुळशी तालुक्यातील नांदे हद्दीबाहेर राहिले, पण शहर त्याच्या वेशीपर्यंत आले. इथे भातखाचरे आहेत आणि नव्या इमारतीही. दोन्हीकडच्या घरांपुढे प्रश्न एकच : क्वचित लागणाऱ्या वस्तूसाठी हप्ते भरायचे, की ती वाटून वापरायची?

शेतकऱ्याला हा प्रश्न का पडतो?

कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती. 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली. एवढ्या शेतीसाठी घेतलेला ट्रॅक्टर वर्षातले बरेच दिवस उभाच राहतो. व्याज मात्र थांबत नाही. म्हणूनच केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून 2014-15 पासून भाड्याने यंत्रे देणाऱ्या अवजारे बँकांना अनुदान मिळते.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. इर्जिकीला गावकरी बैल-औत घेऊन एकाच्या शेतात उतरत आणि तो सर्वांना जेवू घालत असे. सावडीत आज तुझे, उद्या माझे असा कामाचा हिशेब चाले. लग्नकार्याची मोठी पातेली आजही अनेक गावांत देवळाच्या किंवा मंडळाच्या खोलीतून येतात.

मग शहरात गणित का फसते?

डिसेंबर 2017 मध्ये पुण्यात विद्यापीठ आणि औंध परिसरात मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. सुरुवातीचा उत्साह मोठा होता. पण सायकलींची मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या आणि काही वर्षांतच योजना बारगळली. ॲप होते, पण सायकल मोडणाऱ्याला जाब विचारणारे कोणी नव्हते. सावडीत मात्र शब्द मोडणाऱ्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कोणी येत नसे. वाटून वापरण्याची पद्धत टिकते ती अशा जबाबदारीवर.

सर्वांना एकाच वेळी हवे असेल तर?

सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे. पाऊस लागला की चिखलणीसाठी पॉवर टिलर प्रत्येकाला त्याच आठवड्यात हवा असतो आणि वाढलेली रोपे थांबत नाहीत. त्यामुळे पाळ्या पावसाआधीच ठरायला हव्यात आणि रोपवाटिकाही त्यानुसार पुढेमागे टाकायला हव्यात. यंदा शेवटी राहिलेल्याला पुढच्या वर्षी पहिली पाळी मिळाली, तरच तो यात टिकेल.

विकत काय घ्यावे?

समजा, 3,000 रुपयांचे ड्रिल मशीन पाच वर्षांत चारदा वापरले, तर प्रत्येक वापर 750 रुपयांना पडला. असे यंत्र सोसायटीत एकच पुरते. उलट रोज लागणारा फ्रिज किंवा पलंग वर्षानुवर्षे भाड्याने घेतला, तर भाडे किमतीच्या पुढे जाऊ शकते. तो विकत घेतलेलाच बरा.

सुरुवात कशी करावी?

अनामत रक्कम, वापराची वही आणि दुरुस्तीसाठी वेगळा निधी, एवढे आधी ठरवावे. वही कोणाकडे राहणार, हेही पहिल्याच बैठकीत नक्की करावे. हे न ठरवता वर्गणी काढून यंत्र आणले, तर पहिल्याच बिघाडाला ते कोपऱ्यात पडेल आणि शेजाऱ्यांत अबोला येईल तो वेगळाच.